पाच तिथींचा नकाशा

काशीबाईनं मला पहिल्याच दिवशी झोडपलं. कारण काय, तर बोंबील वाळत घालायच्या दोरीवर मी माझा ओला पायजमा टाकला होता. तिच्या हातात वल्ह्याचा तुटका तुकडा होता, तोच पाठीत बसला.

"मेल्या, आमच्या बोंबलांवर तुजं साबन टपकतं!"

"अहो मावशी, भाडं देतो मी!"

"मंग काय पूजा करू तुजी?"

मी नगर जिल्ह्यातला, नाव झुंबर. आमच्याकडं भाडेकरूशी भांडतात, पण हात उचलत नाहीत. चौऱ्याऐंशी साल होतं. बोईसरच्या एका कारखान्यात मी ट्रेसर होतो. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेले पाइपांचे आराखडे ट्रेसिंग कागदावर शाईनं गिरवायचे, एवढंच काम. बोईसरात खोली परवडेना, म्हणून चिंचणीच्या मच्छीमारांच्या वाडीत काशीबाईच्या पडवीतली खोली घेतली आणि रोज एसटीनं ये-जा करू लागलो.

बाई पंचेचाळिशीची असेल. दिवसाआड पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. एकदा एका ठेकेदाराच्या माणसानं तिच्या पाटीला लाथ मारली. तिनं कोयत्याची उलटी बाजू त्याच्या नडगीवर अशी हाणली की तो महिनाभर लंगडत होता. बाजारातल्या बायका अजून ते सांगून हसतात. मी मात्र तिच्या कपाळावरची जुनी खोक बघायचो आणि मला हसू यायचं नाही. ती नवऱ्यानं दिलेली होती.

नवरा नवशा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य. दर्यात वाघ आणि घरात राक्षस. काशीबाईला मारायचा, तीही उलटून मारायची. पण त्यांचा एकुलता एक पोरगा वामन, त्यानं कधी हात उचलला नाही. तो नुसता मार खायचा. बावीस वर्षांचा धिप्पाड गडी, पण बापाचा आवाज आला की खांदे पाडून उभा राहायचा. मला त्याची दया यायची आणि खरं सांगतो, रागही यायचा.

या बाईकडं एक विद्या होती. भर दर्यात खुंट ठोकून जाळं बांधायची जी जागा असते तिला तिथं कव म्हणतात. पाण्याच्या ओढीनं जाळं तुटलं की त्याचे बोये, म्हणजे वर तरंगणारे गोळे, वाहत जाऊन कुठंतरी किनाऱ्याला लागतात. ते शोधून आणायचं काम बायकांचं. प्रत्येक घराची बोयावर वेगळी खूण. तीस वर्षं काशीबाई केळव्या-माहीमपासून डहाणूपर्यंत वाळू तुडवत बोये गोळा करत होती. त्यामुळं कुठल्या कवेवरचा बोया कुठल्या तिथीला सुटला तर कुठं लागणार, हे ती घरात बसून सांगायची. भरती त्याला उत्तरेला नेते, ओहोटी मागं ओढते, आणि दर तिथीचं पाणी वेगळं. ती वार मोजायचीच नाही. म्हणायची, "दर्याला वार नसतो, तिथी असते."

माघातली गोष्ट. वामनसाठी मी कारखान्यातून नोकरीचा अर्ज आणला होता. वामननं तो बापाला दाखवला, तोही बंदरावर, चारचौघांत. नवशानं अर्ज फाडला आणि वल्हं घेऊन पोराला वाळूत लोळेपर्यंत मारलं. सगळी वाडी बघत होती. कुणी मध्ये पडलं नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. खलाशी तापानं आडवे झाले होते, म्हणून बापलेक दोघंच गेले, बोटीमागं लहान होडी बांधून. दुपारी वामन एकटा मासळी घेऊन बोट परत घेऊन आला. म्हणाला, "बा होडीत बसून कवेवर राखण करतो. दक्षिणेची मानसं जाली कापतात." हे खरंच होतं. दक्षिणेकडच्या एका गावाशी कवेवरून वाडीची तीन वर्षं हाणामारी चालू होती. गावाचं नाव घेत नाही, त्यांची पोरंबाळं अजून तिथं आहेत. संध्याकाळी बोट परत गेली तर ना नवशा, ना होडी.

वद्य पंचमीला नवशा सापडला, डहाणूच्या खाडीच्या तोंडाशी. होडीतल्या बोयाची दोरी पायात गुंतली होती, म्हणून तो तरंगत राहिला. डोकं मागून फुटलेलं. काशीबाईनं ते फुटलेलं डोकं दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं आणि टाहो फोडला. ज्यानं तिचं कपाळ फोडलं त्याच्यासाठी ती रडत होती. मला तेव्हा कळलं नाही, आता थोडंथोडं कळतं.

फौजदार म्हणाले, "दर्यात कुठं मेला काय सांगणार? होडी उलटून डोकं आपटलं असेल." वाडीतले पुरुष म्हणाले, दक्षिणवाल्यांनीच मारलं, चला. पण काशीबाईनं त्यांना अडवलं. "उगीच कोनाला मारू नका. आदी मना बघू द्या तो कुटून आला."

मग माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "झुंबर, तुजा तो मोठा कागद काढ."

दुपारची वेळ. मी कारखान्यातून आणलेला ट्रेसिंगचा ताव टेबलावर पसरला. डाव्या हाताला माहीम, उजव्या टोकाला डहाणू असा किनारा काढला. तिनं आमची कव दाखवली, दक्षिणवाल्यांची कव दाखवली. दोन्हींत चांगलं कोसभराचं अंतर. नवशा जिथं लागला तिथं मी काळा ठिपका दिला आणि तिथून आम्ही उलटे निघालो. भरतीला लाल बाण, ओहोटीला निळा. ती बोटांनी माप द्यायची. "पंचमीची भरती एवडी, ओहोटी एवडी. मागं ये. आता चतुर्थी. मागं ये. तृतीया, हिचं पानी जोराचं, दोन बोटं जास्त घे."

वामन दारात उभा होता. "आये, कशाला हवं हे? बा गेला, आता काय?"

"गप! तुज्या बाला कोनी मारलं ते बगायचं नाय तुला?"

तो खाली बसला. मला वाटलं, दुःखानं बसला.

द्वितीया झाली, प्रतिपदा झाली. शेवटचा बाण दक्षिणवाल्यांच्या कवेवर येऊन टेकला. काशीबाईनं त्या जागेवर मूठ आपटली. शाईची बाटली उडाली. "हितं! हितं मारला माज्या मानसाला!" ती ओरडली, आणि बाहेर उभी असलेली वाडी एका तोंडानं ओरडली. मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. च्यायला, माझ्या हातानं खुनी सापडला होता!

अमावस्येच्या उधाणाला दक्षिणवाले त्यांच्या कवेवर येणार हे सगळ्यांना ठाऊक. सकाळी आठ बोटी निघाल्या. नकाशा हातात धरून मला पहिल्या बोटीत बसवलं, जागा दाखवायला. आता त्यांना जागा मी दाखवायची! पण कागद होता ना, कागदाचा मान मोठा. सगळ्यांत पुढं वामन. त्या पंधरा दिवसांत त्याचा आवाज वाढला होता. बापाचा सूड, बापाचा सूड, दुसरं बोलणं नाही.

त्यांच्या चार बोटी होत्या. आमच्या लोकांनी आधी दगड घातले, मग रॉकेलचे पेटते बोळे फेकले. एका बोटीनं पेट घेतला, माणसं पाण्यात उड्या मारू लागली, तर वरून वल्ह्यांचे तडाखे. कुणाच्या हाताची बोटं बोटीच्या काठावरच तुटून राहिली. मी डोळे मिटले की ओरडणं जास्त ऐकू यायचं, म्हणून उघडे ठेवले. वामन त्यांच्या बोटीत चढला. तिथं एक उतारवयाचा माणूस होता, पांढरे दाढीचे खुंट वाढलेले. त्यानं हातातलं सगळं टाकून दिलं आणि हात जोडले. "पोरा, काय केलं रं आमी? आमी त्या दिशी आलोच नव्हतो." वामननं पहार उचलली. एकदा मारली असती तरी पुरे होतं. तो मारतच राहिला, माणूस खाली निपचित पडला तरी मारत राहिला. आमच्याच दोघांनी त्याला मागं ओढलं. मी नकाशावर ओकलो.

वाडीनं वामनला हार घातला. पोलिसांनी बारा जणांना उचललं, पण ते जामिनावर सुटले, कारण वैरी दक्षिणवाल्यांच्या शब्दाखेरीज साक्षच नव्हती. मला विचारलं तर मी म्हणालो, बोट लागली होती, काही दिसलं नाही. खोटं बोललो, सरळ सरळ खोटं. वामननं मारलेल्या त्या माणसाची बायको हंसा चौकीच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होती, "त्या दिशी त्यांना ताप होता, ते घरात होते." तिच्या अंगावरून मी मान खाली घालून गेलो.

महिना संपला. टेबलासमोर टांगलेल्या दिनदर्शिकेचं पान उलटताना माझी नजर मागच्या चौकटींवर गेली. गुरुवार, पौर्णिमा. शुक्रवार, प्रतिपदा. शनिवार, द्वितीया. रविवार, चतुर्थी.

मी परत वाचलं. द्वितीयेनंतर सरळ चतुर्थी. त्या पंधरवड्यात तृतीयेचा क्षय होता. ती तिथी कुठल्याच दिवसाला आली नव्हती. आम्ही पाच तिथी मागं गेलो होतो, आणि नवशा पाण्यात होता चार दिवस. काशीबाई निरक्षर, बोटांवर मोजणारी, तिचं काय चुकलं? दिनदर्शिका माझ्या नाकासमोर टांगलेली होती. मी गाढव, शिकलेला गाढव, तिच्या तोंडून आलेली तृतीया मी डोळे मिटून गिरवली.

नवा कागद घेतला. तृतीयेचे लाल-निळे बाण वगळून सगळे परत काढले. शेवटचा बाण आमच्या स्वतःच्या कवेवर येऊन थांबला. तिथं त्या दिवशी दोनच माणसं होती.

दोन दिवस तो कागद मी गादीखाली दडवला. तिसऱ्या दिवशी तो काढला आणि ओट्यावर बसून मासे साफ करणाऱ्या काशीबाईपुढं ठेवला. सांगितलं. तिनं ओल्या हाताच्या बोटांवर मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा ती वार मोजत होती. "बेस्तरवारी गेला. सोमवारी मिलाला." परत मोजलं. मग विचारलं, "कोनाला बोललास?"

"कुणाला नाही."

"बस हितं. जाऊ नको."

वामन आला. तिनं त्याला भात वाढला, वर कालवण वाढलं. त्यानं दोन घास खाल्ल्यावर ती म्हणाली, "होडी कुटं बुडवलीस?"

मारलंस का, असं तिनं विचारलंच नाही. वामनचा हात ताटातच राहिला. तो म्हणाला, "कवेच्या भायेर. दगड भरून." आणि मग लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "त्यानं परत वल्हं उचललं, आये. मी या वेलेला आदी मारलं. एकदाच मारलं."

"ते मना समजतं," काशीबाई म्हणाली. "त्याचा मार मी बी खाल्लाय. त्याच्यासाटी मी तुला लपवला असता रे, जलमभर लपवला असता. पन तो हात जोडलेला मानूस, वामन? तुला म्हाईत होतं त्यानं काय केलं नाय. तुला एकट्याला म्हाईत होतं!"

"मी नको बोललो होतो ना नकाशा! तूच काडलास!"

तिनं त्याच्या तोंडात मारली. परत मारली. तो हात आडवा न घालता मार खात राहिला, जसा बापाचा खायचा तसाच. ते तिलाही दिसलं असावं, कारण तिचा हात एकदम थांबला. तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि दोघं मोठमोठ्यानं रडली. मग तिनं त्याचं तोंड पदरानं पुसलं, हाताला धरलं, आणि मला म्हणाली, "कागद घे. दोनी घे."

चौकीत फौजदार वैतागले. "बाई, नवऱ्याचं प्रकरण बंद झालंय. पोरगा एकुलता एक तुमचा. घरी जा." ती गेली नाही. मी तिथं माझी खोटी जबानी बदलली. त्यापायी वाडीच्या लोकांनी मला बंदरावर गाठून दोन बरगड्या मोडल्या, सामान फेकून दिलं. काशीबाईकडचं मासे घेणं-देणं सगळ्यांनी बंद केलं.

खटला ठाण्याच्या कोर्टात चालला. वामनला दोन्ही खुनांत शिक्षा झाली, जन्मठेपेची. त्याच्या आधी काशीबाई साक्षीला उभी राहिली तेव्हा न्यायाधीशांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले आणि विचारलं, "हे कुणी काढले?"

"रेघा यानं काडल्या, बान माजे," ती म्हणाली. "त्या हंसाचा नवरा माज्या बानांवर मेला, सायेब. पोराला नेता तर मना बी आत घाला."

साहेबांनी चष्मा काढला. कायद्यात तसं कलम नाही, असं त्यांनी तिला शांतपणे समजावलं. तिनं ऐकून घेतलं, पण पिंजऱ्याचा कठडा काही सोडला नाही. पुढच्या साक्षीदाराचा पुकारा झाला तरी ती तिथंच उभी. "मंग माजं काय?" एवढंच विचारत होती. शेवटी दोन शिपायांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला बाहेर आणून हंसाच्या शेजारी बाकावर बसवलं.