दिवेलागणीचं विरजण

"वयनी, वायच विरजण मिळात काय?"

हातात रिकामी वाटी, अंगात धुवट बनियन आणि वेळ नेमकी दिवेलागणीची. तुम्हीच सांगा, तिन्हीसांजेला दही घराबाहेर देत नाहीत हे ठाऊक नसलेला माणूस कोकणात जन्मेल का? त्यातून वाटी पितळेची. पितळेत दही कळकतं, हे पोरंसुद्धा सांगतील. मला पहिल्यापासूनच कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं.

गिरणी बंद पडल्यावर हे गृहस्थ लालबागची चाळ सोडून बायकोसह नाहूरला, आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आले. लगेच वाटीचा फेरा सुरू. आज या दारात, उद्या त्या. तळमजल्यावरच्या काकू कुजबुजल्या, "करणी असेल रे! मालवणकडचे ना ते." माझा करणीवर विश्वास नव्हता, चोरीवर होता. कारण बोलताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत जायची.

आत होतं काय? टेबलफॅन, रेडिओ, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली आई. वडील गेल्यापासून ती बोलेनाशी झाली होती. डॉक्टर म्हणाले, टॉनिक द्या. दिलं. ही अशीच बसल्या बसल्या जाईल, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

एकदा मी मुद्दाम त्यांच्या वाटीत दही घातलं. गृहस्थांचा चेहराच पडला. "ऱ्हवांदे, ऱ्हवांदे," म्हणत वाटी तिथेच ठेवून गेले. झालं, माझी खात्रीच पटली. दह्यासाठी नाही, तर येतात कशाला?

दुसऱ्या दिवशी स्टीलची वाटी घेऊन हजर. मग रोज आमच्याच दारात, आणि माझ्याशी नाही, आत बघून मोठ्याने, "वयनी, विरजण!"

एका संध्याकाळी आईने मान वळवली. "दिवेलागणीला विरजण मागतात का कुणी? घरात कुणी शिकवलं नाही?"

किती महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होतो! माझे डोळे भरून आले. ते मान खाली घालून म्हणाले, "चुकला वयनी. पण माझा दही पातळ होता, ता कशान?" आई उठून दारापर्यंत आली. दूध किती कोमट हवं यावर दोघांचं भांडण जुंपलं. मग ते रोजचंच झालं, वर आईच्या हातचा चहाही. संध्याकाळ झाली की आई वेणीफणी करून म्हणायची, "आले नाहीत अजून विरजणवाले?"

तरी माझा संशय जाईना. एका सकाळी मी वर गेलो. ओट्यावर सुरीने कापावं असं घट्ट दही.

"हे काय? मग मागता कशाला?"

"चाळीत दारा उघडी. कोण गप बसला तर दिसायचा. हंय बेल मारूक कायतरी निमित होया." दह्यावर झाकण ठेवत म्हणाले, "दही दिलास तर माका परत जावचा लागता. नाय म्हटलास, की माणूस बोलता."

हे मला पटलं, पण पूर्ण नाही. आईच्या हातच्या चहावर डोळा असणारच, असं मला अजूनही वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते अचानक गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि त्यांच्या बायकोने दार लावून घेतलं ते लावूनच. बेल वाजवली तरी उघडेना.

एके दिवशी आईने देवापाशी दिवा लावला, फळीवरून ती पितळी वाटी काढली आणि जिना चढू लागली. मी मागोमाग गेलो. तिने बेल दाबली.

"वहिनी, जरा विरजण मिळेल का?"

आईने पुन्हा बेल दाबली. मग कडी वाजली, दार थोडंसं उघडलं. वाटीकडे बघत त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "दिव्याच्या वक्ताक विरजण मागतत काय वो?"

"चुकलंच," आई म्हणाली आणि दारातच उभी राहिली.