अकराव्या मजल्यावरची लिंडा

देओलिंडा मेदेरोसला घर कसं मिळालं हे आमच्या सगळ्या वस्तीला माहीत आहे. का मिळालं, हे मात्र खुद्द तिलाही माहीत नाही.

बावीस वर्षं आम्ही दोघी टोरांटोतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात खोल्या साफ करत होतो. ती वरच्या मजल्यांवर, मी खालच्या. दोघीही साओ मिगेल या पोर्तुगीज बेटावरून आलेल्या, त्यामुळे सकाळच्या कॉफीला एकाच टेबलावर. देओलिंडा बुटकी, रुंद खांद्यांची, बोलायला अगदी कमी. तिचा नवरा झिल्बेर्तो फरशा बसवायचा. गुडघे गेल्यापासून घरीच असतो आणि दोघांच्या वाट्याचं बोलतो.

डफरिन रस्त्याजवळ एका घराच्या वरच्या मजल्यावर ती दोघं एकोणीस वर्षं भाड्यानं राहिली. मग मालकाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मालकानं जागा मागितली. सगळे म्हणाले, शहराबाहेर जा, मोठं घर मिळेल. देओलिंडा म्हणाली, "मला ट्रामनं कामावर जायचंय." तेवढंच. आणि या वयात आता दुसऱ्याच्या घरात राहायचं नाही, हेही तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

घर दाखवायला नेलियो होता. तिच्या गावच्या मैत्रिणीचा मुलगा, घरांची दलाली करतो, बूट नेहमी चकचकीत. त्यानं तिला एक घर दाखवलं, त्याचं स्वयंपाकघर तळघरात होतं. दुसऱ्याचा जिना इतका अरुंद की झिल्बेर्तो अर्ध्यावर थांबून म्हणाला, "मी मेलो तर मला खिडकीतून काढावं लागेल." तिसरं टाउनहाऊस. लाल विटांच्या सहा घरांची एक ओळ, त्यातलं चौथं. दोन खोल्या वर, दोन खाली, मागे हातभर अंगण. देओलिंडा स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, आणि तिथेच उभी राहिली.

झिल्बेर्तो भिंतीवर बोटांनी ठकठक करत होता. "ही भिंत कुणाची?"

"निम्मी तुमची, निम्मी शेजाऱ्यांची," नेलियो म्हणाला.

"म्हणजे मी लांब खिळा ठोकला तर तो परक्याच्या घरात जाणार?"

"काका, लांब खिळा ठोकायचाच कशाला?"

देओलिंडाचं लक्षच नव्हतं. तिनं विचारलं, "पाटीवर किंमत लिहिली आहे, तेवढ्यालाच ना?"

"मावशी, ती किंमत नाही. ती नुसती सुरुवात."

"मग खरी किंमत कुठे लिहिली आहे?"

"कुठेच नाही. मंगळवारी संध्याकाळी सगळे आपापला आकडा बंद पाकिटात देणार. दुसऱ्याचा आकडा कुणालाच दिसणार नाही."

"म्हणजे मी कुणापेक्षा जास्त द्यायचे, तेच मला कळणार नाही?"

"बरोबर."

"यात बरोबर काय आहे?" ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं मला हे तीनदा समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा स्वतःच मध्ये अडकली. नेलियोनं आणखी एक सुचवलं. पाकिटाबरोबर मालकाला एक चिठ्ठी जोडायची, आपण कोण, कुठले, असं. काही मालक वाचतात, काही नाही. देओलिंडानं चार वाक्यं सांगितली: मी हॉस्पिटलात बावीस वर्षं खोल्या साफ करते. नवरा फरशा बसवायचा. आमचं कधी स्वतःचं घर नव्हतं. तुमच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. नेलियोनं ती इंग्रजीत नीटनेटकी केली, हॉस्पिटलचं नाव घातलं आणि खाली तिच्या कामावरच्या नावानं, लिंडा मेदेरोस, अशी सही घेतली.

मंगळवारी नऊ पाकिटं आली. नेलियोनं संध्याकाळीच फोन करून सांगितलं की निदान चार जण आपल्यापेक्षा वरचढ असणार, तुम्ही जेवून घ्या. तिनं केल नावाच्या पालेभाजीचं सूप केलं, दोघं जेवली, विषय संपला.

बुधवारी सकाळी आम्ही कॉफी घेत होतो. तिचा फोन वाजला. तिनं ऐकलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काय गं? कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"आपल्याला दिलं म्हणतोय."

"काय दिलं?"

"घर."

मी तिला मिठी मारली. ती लाकडासारखी ताठ. "पण का?" ती म्हणाली. "आमचा आकडा सर्वात मोठा नव्हता. नेलियोच म्हणाला. त्यालाही काही कळत नाहीये."

आनंद करायचं राहिलंच, संशय आधी सुरू झाला. झिल्बेर्तोचं म्हणणं, घरात खोट आहे. छप्पर गळतं, नाहीतर भिंतीत रॅकूननं पिल्लं घातली आहेत, नाहीतर तिथे कुणीतरी मेलेलं आहे. त्यानं ओळखीच्या एका गवंड्याला नेऊन घर तपासून घेतलं. गवंडी माळ्यावर चढला, तळघरात वाकला, आणि खाली येऊन म्हणाला, "भट्टी जुनी आहे, बाकी तुझ्यापेक्षा घर धडधाकट आहे." थंडीत सगळं घर तापवणारी ती भट्टी. झिल्बेर्तोला ते ऐकून बरं वाटण्याऐवजी वाईटच वाटलं.

करारानुसार ताबा मिळायच्या आधी घर पुन्हा एकदा बघता येतं. त्या वेळी मालक सहसा घरात नसतात. पण देओलिंडा माप घ्यायची टेप घेऊन गेली, तेव्हा दार मालकानंच उघडलं. श्री. किनिअर, ऐंशीच्या घरातले, उंच, थोडे वाकलेले, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. किटली गॅसवर होती.

"तुम्ही मिसेस मेदेरोस," ते म्हणाले. "म्हणजे, लिंडा."

हॉस्पिटलात तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर लिंडाच लिहिलेलं असतं. पूर्ण नाव कुणाच्या तोंडात बसत नाही. ती हो म्हणाली.

मग त्यांनी तिला खुर्ची दिली आणि सांगायला लागले. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको, ईनिड, अकराव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत सात आठवडे होती. तिथेच गेली. औषधांच्या वासानं तिला अन्न जात नसे. तिथे एक सफाईवाली बाई होती, लिंडा नावाची. ती रोज सकाळी संत्र्याची साल आणून खिडकीखालच्या हीटरच्या जाळीवर ठेवायची. खोलीभर वास सुटायचा आणि ईनिड दोन घास खायची. ती बाई आपल्या बेटावरच्या गाईंच्या गोष्टी सांगायची. "मी दुपारी जायचो, त्यामुळे तुम्हाला कधी भेटलो नाही," किनिअर म्हणाले. "पण ईनिड रोज तुमचं नाव घ्यायची. तुमची चिठ्ठी वाचली, हॉस्पिटल तेच, नाव तेच. बाकीची पाकिटं मी पुन्हा उघडून बघितली नाहीत." त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "आभार मानायचे राहून गेले होते."

घरी आल्यावर झिल्बेर्तोनं विचारलं, "मग? तू होतीस का ती?"

"मला आठवत नाही."

"हो म्हणालीस?"

"नाही."

"नाही म्हणालीस?"

"नाही."

"अगं बाई, मग म्हणालीस तरी काय?"

"मी म्हणाले, चहात साखर नको."

दुसऱ्या दिवशी तिनं मला सगळं सांगितलं. खरी गोम अशी की आमच्याकडे दोन लिंडा होत्या. दुसरी एर्मेलिंडा, तिच्याही बिल्ल्यावर लिंडाच. तीही आमच्याच बेटावरची, आणि गाई काय, आमच्याकडे सगळ्यांकडेच असायच्या. अकरावा मजला त्या वर्षी कुणाकडे होता? देओलिंडा म्हणे, मी त्या थंडीत आठ महिने अकराव्यावर होते. मी म्हटलं, थंडी आठ महिने नसते. ती म्हणाली, इथे असते. एर्मेलिंडाही तिच्या जागी अधूनमधून जायची. आणि संत्र्याची साल? ती तर आम्ही सगळ्याच हीटरवर ठेवायचो, कॉफीच्या खोलीतसुद्धा. मीही ठेवलेली आहे.

"तुला ती बाई आठवत नाही? ईनिड?" मी विचारलं.

"अगं, किती ईनिड," ती म्हणाली. "मी त्यांच्या खाटेखालची फरशी पुसते. चेहरा बघते, पण दुसऱ्या दिवशी खाट रिकामी असते आणि तिसऱ्या दिवशी तिथे दुसरं कुणी. लक्षात ठेवत बसले असते तर मी बावीस वर्षं टिकले असते का?"

एर्मेलिंडा निवृत्त होऊन बेटावर परतली होती. आम्ही तिला फोन लावला. मागे कोंबड्यांचा कलकलाट. देओलिंडानं सगळं सांगितलं.

"संत्र्याची साल? ते तूच करायचीस!" एर्मेलिंडा ओरडली.

"मी? मला वाटलं तू."

"असेनही. कोपऱ्यातली खोली म्हणतेस? तिथे एक पाद्री होता ना?"

"पाद्री नाही गं, बाई."

"मग मला माहीत नाही. घर मिळालं ना? मग कशाला उकरतेस?"

झिल्बेर्तोचंही तेच म्हणणं. नेलियोनं तर हात जोडले. "मावशी, करार झालाय, सह्या झाल्यात. तुम्ही लिंडा असा नाहीतर नसा, म्हाताऱ्याला आता घर द्यावंच लागेल. सांगून काही बदलणार नाही. उगाच त्याला दुःख कशाला?"

हेच तिला पटेना. काही बदलणार नसेल तर सांगायला हरकत काय? आणि काही बदलणार नसेल तर सांगायचं तरी कशासाठी? ती माझ्यासमोर मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी राहायची आणि एकदा इकडून, एकदा तिकडून विचारायची. कधी तिला खात्री वाटायची की ती बाई आपणच. ईनिडचे पांढरे केस, निळी शाल, सगळं दिसायला लागायचं. मग म्हणायची, "शाल निळी होती हे मला कुणी सांगितलं? म्हाताऱ्यानं सांगितलं का मला आठवलं?" मलाही सांगता येत नव्हतं. तिनं इतक्यांदा सांगितलं की निळी शाल मलाही दिसायला लागली होती.

ताबा मिळायच्या आधीच्या शनिवारी ती एकटीच गेली. घरात खोकी बांधून ठेवलेली होती. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं, आपल्या तुटक्या इंग्रजीत: मी असेन, मी नसेन. दोन लिंडा होत्या. तुम्ही आभार मानलेत तेव्हा मी गप्प बसले, ते चुकलं.

 किनिअर एका खोक्यावर बसले. "म्हणजे मी आभार कुणाचे मानले?"

 ती म्हणाली, "माझे मानलेत. पण ते माझे आहेत का, मला माहीत नाही."

ते रागावले नाहीत, पण खूशही झाले नाहीत. त्यांचा चेहरा पडला, असं ती म्हणाली. "मी त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलं," ती मला सोमवारी म्हणाली. "घर पण घेतलं आणि ते पण घेतलं." तिनं त्यांना एर्मेलिंडाचा पत्ता मात्र लिहून दिला होता. किनिअर त्या महिन्यात पुढच्या ट्रामच्या थांब्याजवळच्या वृद्धांच्या इमारतीत राहायला गेले आणि मेदेरोस कुटुंब चौथ्या घरात.

नव्या घरातही पहिले दिवस गोंधळातच गेले. सहाही घरांची दारं सारखी; झिल्बेर्तो दोनदा पाचव्या घराच्या कुलुपात किल्ली घालून शिव्या देत उभा राहिला. दुसऱ्यांदा पाचव्या घरातल्या व्हिएतनामी बाईंनी त्याला आत बोलावून भात खाऊ घातला. तेव्हापासून तो चुकून जातो की मुद्दाम, हे देओलिंडाला कळत नाही. त्यानं मागच्या अंगणात द्राक्षाचा वेल लावला, आणि वेलही दोन घरांच्या मधल्या कुंपणावर चढला.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले होते. दुपारी दार वाजलं. किनिअर. अंगावर जाड कोट, हातात एक पाकीट.

"उत्तर आलंय," ते म्हणाले. "तुमच्या मैत्रिणीचं. पण पोर्तुगीजमध्ये आहे."

देओलिंडानं त्यांचा कोट घेतला, त्यांना बसवलं, सूप वाढलं. मग चष्मा लावून पत्र उघडलं. एर्मेलिंडाचं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. देओलिंडा एक ओळ पोर्तुगीजमध्ये वाचायची, मग इंग्रजीत सांगायची. एर्मेलिंडानं लिहिलं होतं की आपली तब्येत बरी आहे, गुडघे दुखतात, यंदा बटाटा चांगला आला. तुमची बायको आपल्याला आठवते आणि आठवत नाही. चर्चमध्ये तिच्यासाठी मेणबत्ती लावली आहे. मेणबत्ती लावताना वाटलं की तिचे केस पांढरे होते.

देओलिंडानं पत्र खाली ठेवलं.

"म्हणजे तीच होती?" किनिअर म्हणाले. "हो की नाही?"

"मलाही तेच कळलं नाही," देओलिंडा म्हणाली.

"पुन्हा एकदा वाचाल?"

तिनं पुन्हा वाचलं. बटाट्यापासून. ते चमचा हातात धरून ऐकत राहिले. वाचून झाल्यावर झिल्बेर्तोनं त्यांच्यापुढे पाव सरकवला. त्यांनी एक तुकडा तोडला आणि म्हणाले, "केस पांढरे होते, हे मात्र खरं आहे."

"सगळ्यांचेच असतात," झिल्बेर्तो म्हणाला. देओलिंडानं टेबलाखालून त्याला लाथ मारली. किनिअर हसले, आणि त्यांनी आणखी सूप मागितलं.