मास्तरांचे पाय

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या छोट्या पांढऱ्या गाडीला पाच पेडल आहेत. तीन शिकणाऱ्याच्या पायाशी, दोन मास्तरांच्या पायाशी: एक क्लच, एक ब्रेक. बावीस वर्षांत मास्तरांनी चार हजारांवर माणसं रस्त्यावर आणली. त्यात दोन डॉक्टर, पंचाहत्तरीच्या एक आजी आणि पोहायला भीती वाटते म्हणून गाडी शिकायला आलेले एक गृहस्थ. गॅरेजवाला दर वर्षी गाडी खालून बघतो आणि तेच सांगतो, "मास्तर, शिकणाऱ्यांच्या ब्रेकचं रबर अजून नव्यासारखं आहे. तुमचं मात्र पार गुळगुळीत झालंय."

त्यात सगळं आलं. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपण थांबवली. ती मास्तरांनी थांबवलेली असते. मास्तर त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. "छान," एवढंच म्हणतात. माणसाचा धीर वाढतो आणि मास्तरांचं दुकान चालतं.

या चार हजारांत एक त्यांची बायको. ती दवाखान्यात नर्स आहे आणि अख्खं गाव तिला सिस्टर म्हणतं. लायसन्स तिनं नऊ वर्षांपूर्वी काढलं. थोरली मुलगी झाल्यावर ते कपाटात चांगल्या कपड्यांच्या घडीखाली गेलं, ते गेलंच. आता डोंगरावरच्या दवाखान्यात मुख्य नर्सची जागा निघाली होती. अकरा वर्षं जिची वाट पाहिली ती जागा. अडचण एकच: रोज सकाळी घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा, आणि बस दिवसातून एक, तीही दुपारी. होय की नाही ते सोमवारी सांगायचं होतं.

पंधरा दिवस मास्तरांनी तिला रोज पहाटे गाडीवर बसवलं. सिस्टर झकास चालवत होती. मग रविवारी डबे भरले, पोरांना मागं पट्टे बांधून बसवलं आणि सहल निघाली. सहल पोरांसाठी. सिस्टरसाठी ती परीक्षा होती आणि हे पाच वर्षांच्या धाकट्यालाही कळलेलं होतं.

"आई, नापास झालीस तर आपण घरी कसे येणार?" त्यानं निघतानाच विचारलं.

"तू ढकल मागून," सिस्टर म्हणाली.

गाडीच्या टपावर शिकाऊ गाडीची लाल पाटी होती. ती बोल्टनं बसवलेली, निघत नव्हती. त्यामुळे सपाट रस्त्यावर सगळे त्यांना लांबून वळसा घालून जात होते, जसं काही गाडीला गोवर आलाय. थोरली प्रत्येकाला हात हलवून दाखवत होती. धाकटा दर दहा मिनिटांनी "अजून किती?" म्हणत होता आणि मास्तर दर वेळी "निम्मं" म्हणत होते.

घाट सुरू झाला. पहिली चार वळणं सिस्टरनं सफाईनं काढली. "छान," मास्तर म्हणाले. पाचवं वळण आंधळं होतं. डोंगराच्या कोपऱ्यावरून एक म्हैस निवांत बाहेर आली. गाडीनं हिसका दिला, ती खोकली आणि बंद पडली. म्हशीनं वळून पाहिलं आणि ती आपल्या कामाला गेली.

"क्लच झटकन सोडलास," मास्तर म्हणाले.

"मी क्लचला हातही... पायही लावला नाही अजून."

"बाबांनी दाबला," मागून थोरली म्हणाली. ती आठ वर्षांची आहे आणि दोन सीटांच्या फटीतून तिला खालचं सगळं दिसतं. "ब्रेक. आधी पण दाबला होता. त्या दुकानापाशी, पुलावर, आणि लाल ट्रक आला तेव्हा."

सिस्टरनं पुन्हा गाडी सुरू केली, पुढच्या रुंद जागेत बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. हे सगळं तिनं इतकं सावकाश केलं की मास्तरांना घाम फुटला.

"किती वेळा?"

"अगं, सवयीनं जातो पाय. मुद्दाम थोडंच..."

"पंधरा दिवसांत किती वेळा, अहो?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर दरी होती. "मोजलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे मला गाडी येते की नाही, हे मलाच माहीत नाही. आणि उद्या मी तिकडे होय म्हणणार होते." तिचा आवाज चढला नाही. इंजेक्शन देण्याआधी ती याच आवाजात बोलते. "लायसन्सच्या परीक्षेलाही तुम्हीच दाबलात का?"

"छे! त्या दिवशी शेजारी साहेब होते. मी मागं बसलो होतो."

"म्हणूनच पास झाले," सिस्टर म्हणाली. "पाय वर घ्या."

"काय?"

"मांडी घाला. सीटवर. थोरले, बाबांच्या पायांवर नजर ठेवायची. खाली आले की ओरडायचं."

"आणि मी?" धाकट्यानं विचारलं.

"तू हातांवर."

मास्तर अंगानं काटकुळे, म्हणून जमलं. बूट काढून, पट्टा लावून ते मांडी घालून बसले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, त्यावर मागच्या सीटवर पाच मिनिटं चर्चा झाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मास्तर चालत्या गाडीत नुसते बसले होते. रस्ता त्यांना अरुंद वाटायला लागला. दरी जवळ वाटायला लागली. बाराव्या वळणावर त्यांचा गुडघा वर आला. "पाय!" थोरली ओरडली. गुडघा खाली गेला.

खरा चढ शेवटच्या दोन किलोमीटरांत आहे. तिथं अगदी वळणाच्या पोटात समोरून बस आली. बसवाल्यानं काच खाली करून हात हलवला: थांबा, मी निघतो. सिस्टर थांबली. मागून दुधाचा टँकर येऊन थांबला, इतका जवळ की आरशात त्याचे दिवेच दिसत होते. बस वीतभर अंतरावरून घासत गेली. आता चढावर उभी गाडी मागं न जाता उचलायची होती. चार हजारांतले निम्मे लोक इथंच रडतात. मास्तरांचा हात हँडब्रेककडे सरकला.

"हात!" धाकटा किंचाळला.

मास्तरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले. त्यांना सांगायचं होतं, आधी अर्धा क्लच, इंजिनचा आवाज बदलू दे, मग ब्रेक सोड. टँकरवाल्यानं हॉर्न मारला. सिस्टरनं आरशात त्याच्याकडे पाहिलं, रांग मोडणाऱ्या पेशंटकडे पाहते तसं. हॉर्न थांबला. तिनं क्लच हळूहळू सोडला. इंजिनचा आवाज जड झाला, गाडीचं नाक किंचित उचललं. तिनं हँडब्रेक खाली केला. गाडी चार बोटं मागं आली. मास्तरांनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा वळण मागं पडलं होतं.

मास्तरांनी हात मांडीखालून काढले. "छान" म्हणायचं राहून गेलं. सिस्टरनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

वर सपाटीवर वारा जोरात होता. एक टपरी, दोन बाकं आणि लांबवर उतरत गेलेला रस्ता. तिथून दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. पोरं दार उघडताच सुटली. मास्तर मात्र गाडीतच.

"उतरा की," सिस्टर म्हणाली. "रुसलात?"

"पाय बधिर झालेत. दोन्ही. मघाशी बस आली तेव्हापासून जाणीवच नाही."

सिस्टर वळून त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला ब्रेक दाबायचा असता तरी..."

"दाबता आला नसता."

"दाबायचा होता का?"

"तीनदा," मास्तर म्हणाले.

मग सिस्टर हसली. दारापाशी वाकून, कमरेवर हात ठेवून हसली. तिनं मास्तरांचे पाय एकेक करून बाहेर काढले आणि पोटऱ्या चोळल्या, दवाखान्यातल्या सराईतपणानं. मास्तर "आई गं, मुंग्या, मुंग्या" करत होते आणि धाकटा त्यांच्या मोज्यात खरोखरच्या मुंग्या शोधत होता.

चहा झाला, डबे झाले. थोरलीनं आईला दहापैकी नऊ गुण दिले. एक म्हशीचा कापला.

"म्हशीचा गुण बाबांचा कापायला हवा," सिस्टर म्हणाली.

निघताना मास्तरांनी विचारलं, "उतार मी घेऊ? चढापेक्षा उतार अवघड असतो. हे मी सगळ्यांना सांगतो."

"रोज संध्याकाळी उतरायला तुम्ही येणार आहात का?" तिनं विचारलं आणि किल्ली हातात घेतली. "मागं बसा."

मास्तर मागं बसले, मधोमध, एका बाजूला थोरली आणि दुसऱ्या बाजूला ओकारीची पिशवी धरून धाकटा. पुढच्या सीटवर रिकामे डबे ठेवले होते. त्यांच्या खाली, गुळगुळीत रबरांची दोन पेडल मोकळी होती.

"उद्या किती वाजता फोन करायचाय त्यांना?" मास्तरांनी विचारलं.

"दवाखाना उघडला की. आठला," सिस्टर म्हणाली आणि आरसा, इंडिकेटर असं तोंडानं म्हणत गाडी रस्त्यावर घेतली.

पहिल्याच वळणावर मास्तरांचा पाय पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आपटला.

"बाबा!" थोरली म्हणाली.

"सवय गं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मांडी घातली.