सेवकरामभाऊंच्या टाकीचं पाणी

अड्याळला आमच्या भिंतीला भिंत लागून सेवकरामभाऊ राहतात. दिवेलागणीला हा माणूस हातात खराटा घेऊन घराच्या स्लॅबवरच सापडणार. मुलीचं, दामिनीचं, लग्न ठरलं तेव्हा त्यांनी दारू सोडली. आणि ज्या वेळेला पाय भट्टीकडे वळायचे, त्याच वेळेला स्लॅब झाडायची सवय लावून घेतली. स्लॅबवरचं पावसाचं पाणी पाइपाने खाली ड्रममध्ये येतं, तिथल्या गिट्टी-रेतीतून गाळून सिमेंटच्या टाकीत पडतं. प्यायला नळ; आंघोळ, धुणं, गाय सगळं टाकीवर. ड्रमच्या तोंडावरची जाळी ते इतक्या निगुतीने धुतात की मला चीड येते. स्वतःचा चष्मा मात्र कधी पुसणार नाहीत!

या भाद्रपदात पावसाने उघडीप दिली, तेव्हा भाऊ दामिनीकडे जवाहरनगरला गेले होते. पुष्पावहिनींनी गाईसाठी साठवलेली मोहफुलं ऊन द्यायला स्लॅबवर पसरली. दुपारी अचानक सर आली. वहिनींनी हाती लागली तेवढी फुलं गोळा केली आणि कामाला लागल्या.

भाऊ परतले. थोड्याच दिवसांत न्हाणीघरात आंबूस वास यायला लागला. त्या घराला तो वास चांगलाच ओळखीचा होता. वहिनींनी बाटलीसाठी कोपरान् कोपरा धुंडाळला. बाटली नाही. मग भाऊंचा वाळलेला सदरा नाकाला लावला.

“दामिनीचे बाबा, पोरीची शपथ घेतली होती नं जी?”

“मी नाही पेलो वो.”

“मंग सदऱ्याले वास कायचा येऊन राहिला?”

भाऊ उठून ड्रमकडे गेले. पाण्याचा संशय आला म्हणून त्यांनी जाळी पाहिली, तर ती स्वच्छ. वहिनींनी बोलणं टाकलं आणि दामिनीकडे कायमचं जायला पिशवी भरली. खरं सांगतो, मलाही वाटलं, गेला माणूस हातचा. एवढी वर्षं निभावून शेवटी हे? माझं तर डोकंच फिरलं.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी भजनाला गेल्या. शेजारी चंद्रभागाबाई बसलेल्या. त्यांच्या तोंडाला फाटक नाही.

“काय वो पुष्पे, तूबी चालू केली का?”

बायका खो खो हसल्या. वहिनींनी पदर नाकाशी नेला आणि त्यांचा चेहराच उतरला. लुगडं सकाळीच टाकीच्या पाण्यात धुतलेलं. टाळ तिथेच ठेवून त्या तडक घरी आल्या.

“तो ड्रम खोला जी.”

“जाळी साफ आहे वो.”

“जाळी मीच काढली होती त्या दिवशी. फुलं अडकून पाणी तुंबलं, आंगणात सांडून राहिलं होतं. पाणी उतरल्यावर धुवून परत लावली. तुम्ही खाली पाहा.”

ड्रम आडवा करायला मला हाक मारली. वरची गिट्टी काढली आणि भट्टीचं दार उघडल्यासारखा भपकारा आला. गिट्टीच्या फटींतून रेतीवर उतरून फुगलेल्या मोहफुलांचा थर, दारूसाठी भट्टीवर आंबवतात तसा, आंबून बसला होता.

भाऊ तिथेच चिखलात बसले आणि हसता हसता रडायला लागले. “मले वाटे, मी झोपीत उठून पेऊन येतो का काय! माह्यावर माहाच भरोसा राहिला नव्हता.”

“चुकली मी,” वहिनी म्हणाल्या, माझ्यादेखत. असं हायसं वाटलं की माझेही डोळे भरून आले.

टाकीचं पाणी परसातल्या केळींना सोडलं. गिट्टी-रेती धुऊन उन्हात घातली, ब्लीचिंग पावडर टाकून टाकी घासली. पुढच्या पावसाचं पहिलं पाणी बाहेर सोडून मग टाकी भरून घेतली. पिशवी कधी रिकामी झाली ते मी विचारलं नाही.

काल संध्याकाळी भिंतीवरून पाहिलं. भाऊ वर स्लॅब झाडत होते, वहिनी खाली दोरीवरचे कपडे काढत होत्या. भाऊंचा सदरा हाती आला की तो आधी नाकाशी न्यायचा, ही वहिनींची जुनी सवय. दारू सुटली तरी ती सुटली नव्हती. काल त्यांनी सदरा झटकला, घडी घातली आणि आत नेला.