सहा स्लिंगा

मोठ्या माणसांना शिकवण्याची नवी पद्धत भिलाईत आली ती एक फ्लॅनेलचा फळा, एक रबरी चेंडू आणि एक साहेब घेऊन. या तिघांत सगळ्यात कामाचा चेंडू होता, असं मी आजही म्हणेन.

कारखाना तेव्हा उभा होत होता. मी वर्ध्याकडून आलेला, प्रशिक्षण केंद्रात टायपिस्ट. साहेबांची हिंदी इतकी शुद्ध होती की मजुरांना ती कळत नसे, म्हणून दुभाष्या म्हणून मला त्यांच्या शेजारी उभं केलं. साहेब परदेशात सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते आणि दर चौथ्या वाक्यात ते सहा महिने यायचेच. ते म्हणायचे, "प्रौढ माणसाला शिकवायचं नसतं. त्याला जे ठाऊक आहे ते त्याच्याकडून काढून घ्यायचं असतं." वाक्य मला पटलं होतं. चीड यायची ती याची, की ते म्हणताना त्यांनी समोरच्या एकालाही काही विचारलेलं नसायचं.

समोर तीसेक खलाशी होते. क्रेनच्या हुकाला ओझं बांधायचं त्यांचं काम. बहुतेक आसपासच्या खेड्यांतून नवे भरती झालेले, मुलाबाळांचे बाप. पहिल्या दिवशी साहेबांनी त्यांना टिनाच्या शेडमध्ये गोल करून बसवलं आणि चेंडू फेकायला लावला. झेलेल त्याने नाव, गाव आणि आवडता प्राणी सांगायचा. पहिल्याने बैल सांगितला. मग सगळ्यांनीच बैल सांगितला, कारण पहिल्याला कोणी रागावलं नव्हतं. साहेबांनी वहीत लिहिलं, 'उत्साही सहभाग'.

चेंडू मिस्तरीकडे गेला. पन्नाशीचा माणूस, गोंदियाकडचा, दुर्ग लाईनवर रेल्वेचे पूल चढवण्यात उभी हयात गेलेली. डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. त्याला पुढे प्रशिक्षक करायचं घाटत होतं, पण सर्टिफिकेट नव्हतं म्हणून त्यालाही या वर्गात घातलेलं. त्याने चेंडू हातात धरून ठेवला.

"फेको, फेको," साहेब म्हणाले.

मिस्तरी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "कोनाकडे फेकू, बाबू? तो तिकडे पाहून राहिला, हा खाली पाहून राहिला. समोरच्यानं पाहिल्याबिगर मी हातातली चीज सोडत नाही."

"काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "लाजतो आहे." एवढंच. खरं सांगितलं असतं तर साहेबांना त्यातून शिकावं लागलं असतं, आणि साहेबांना शिकवणं माझ्या कामात बसत नव्हतं. त्यांनी वहीत मिस्तरीच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी एकाला क्रेन केलं, एकाला ओझं. ओझं झालेला माणूस दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि बाकीचे तोंडावर गमछा धरून हसले. साहेबांना वाटलं, वर्ग रंगला.

चौथ्या दिवशी साहेब नंदिनीच्या खाणीत अधिकाऱ्यांपुढे व्याख्यान द्यायला गेले. वर्ग माझ्या गळ्यात. धडा होता स्लिंगचा, म्हणजे ओझ्याला गुंडाळायच्या तारेच्या दोराचा. फळ्यावर चिकटवायची कापडी चित्रं मी हातात घेऊन उभा होतो आणि घामाघूम झालो होतो. मिस्तरी उठला. "बसा तुम्ही. मले करू द्या."

त्याने स्टोअरमधून सहा स्लिंगा आणून जमिनीवर मांडल्या. मग वर्गाला त्यांच्याच छत्तीसगढीत म्हणाला, "मी काही सांगणार नाही. जिनं बांधलेल्या ओझ्याखाली तू स्वतः उभा राहशील, ती उचल."

बहुतेकांनी ग्रीस लावलेली, चकचकीत स्लिंग दाखवली. मिस्तरी 'चूक' म्हणाला नाही. त्याने एक चिंधी दिली आणि ती स्लिंगवरून ओढायला सांगितली. चिंधी जागोजागी अडकली. ग्रीसखाली तारा तुटलेल्या होत्या. मग तीस माणसं उकिडवी बसून बाकीच्या पाच दोरांवर तुटून पडली. एक जण, जो आतापर्यंत बैलाशिवाय काही बोलला नव्हता, म्हणाला, "ही उलटी पिळली गेली आहे. हिचे पेड सुटलेत."

"तुला कसं कळलं?" मिस्तरीने विचारलं.

तो घरी अंबाडीचे दोर वळायचा. त्याने पीळ कसा बसतो, कसा बिघडतो, ते हातांनी करून दाखवलं. मिस्तरी मागे सरून भिंतीला टेकला आणि बाकीच्यांसारखाच ऐकत राहिला. जेवणाचा भोंगा झाला तरी कोणी उठलं नाही.

साहेब तेवढ्यात परतले आणि दारात थांबले. मला बाजूला घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "या खेळाला नाव काय?"

मी मिस्तरीला विचारलं. तो म्हणाला, "नाव? नाव कायचं आलं त्याच्यात?"

नाव साहेबांनी दिलं. पंधरा दिवसांनी अहवाल माझ्याकडे टायपिंगला आला. त्यात त्या खेळाला लांबलचक इंग्रजी नाव होतं, तीन टप्पे होते, आणि तो साहेबांनी 'स्थानिक गरजेनुसार विकसित केला' होता. शेवटच्या पानावर मिस्तरीचा शेरा: सहभाग नाही, प्रशिक्षक म्हणून अयोग्य. मी त्या ओळीपाशी थांबलो. मग ती टाईप केली, दोन कार्बन लावून. साहेबांची मला कीव येत नाही आणि माझीही येत नाही.

पुढच्या तुकडीला स्लिंगा दिल्या नाहीत. ग्रीसने फरशी खराब होते म्हणून छापील चित्रं वाटली. चित्रातल्या तारा तुटत नाहीत, आणि चित्रावर चिंधी ओढता येत नाही.

मी मिस्तरीला शोधत भट्टीच्या बांधकामावर गेलो. सर्टिफिकेट न मिळाल्याने त्याला परत जुन्याच टोळीत पाठवलं होतं. मी सगळं सांगितलं, शेरासुद्धा. मला वाटलं, सांगितल्याने मोकळं वाटेल.

त्याने ऐकून घेतलं. "टाईप करताना बोटं नाही थांबली तुमची," तो म्हणाला, "मंग आता पाय कावून इथवर आले?"

तो कामाला लागला. नंतर खुर्सीपारच्या बाजारात दिसला की मान हलवायचा, बोलायचा नाही. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

वर्षाच्या आत साहेबांना बढती मिळाली आणि ते मोठ्या शहरात गेले. निरोपाच्या सभेत प्रौढांना समजून घेणारा माणूस म्हणून त्यांचं कौतुक झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो, आणि झेंडूचा हारही मीच दुर्गहून आणला होता.