पाणकोंबडीचं सुकाणू

दिलावर मिस्त्रीला एका जागी बसवत नसे. चहाचा कप हातात घेऊन तो घरभर फिरायचा. गच्चीवर जायचा, खाली यायचा, फाटकाची कडी काढायचा आणि पुन्हा लावायचा. फरीदा म्हणायची, "आवं, बसा की जरा. फरशीला भोकं पडतील."

सांगलीला मुलाकडे, अजहरकडे, राहायला येऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. त्याआधीचं सगळं आयुष्य मेढ्याला गेलं. मेढ्याहून डोंगर उतरलं की कोयनेच्या धरणाचं पाणी लागतं. पाण्याच्या पलीकडच्या गावांना रस्ते नव्हते, तेव्हा दवाखाना, बाजार, लग्नाचं वऱ्हाड, सगळं लाँचमधून जायचं. त्या लाकडी लाँचची डागडुजी दिलावरने बामणोलीच्या धक्क्यावर सव्वीस वर्षं केली. फळ्या बदलल्या, फटींत सूत ठोकून राळ भरली, बाकं बसवली, सुकाणू बसवली. पुढं फायबरच्या बोटी आल्या आणि सुताराचं काम संपलं.

काम संपलं तरी हात थांबेनात. सांगलीत त्याने गच्चीवर पत्र्याची शेड टाकली आणि लहान लहान नावा करायला सुरुवात केली. पहिली हरिपूरच्या संगमावरची, माणसं कोथळीला नेणारी नाव. मग एका जुन्या कॅलेंडरवरच्या चित्रावरून बंगालकडची आगबोट. तिला दोन्ही अंगांना गिरणीच्या चाकासारखी मोठी चाकं, मधोमध धुराडं. चाकाची एकेक पाती त्याने नखाएवढी कापली. हळदीचे व्यापारी सम्मेद यांनी ती पाहिली आणि ते वेडेच झाले. जुन्या वस्तूंचा त्यांना आधीपासूनच नाद. कुठून कुठून ते जुन्या आगबोटींची, नावांची चित्रं मिळवून आणायचे. चार वर्षांत अकरा बोटी झाल्या. मग त्यांनी तीन दिवसांचं प्रदर्शन ठरवलं.

"चाचा, ब्रह्मपुत्रेची आगबोट झाली, गोदावरीची नाव झाली," सम्मेद म्हणाले. "तुमची स्वतःची लाँच कुठाय?"

"ती नको," दिलावर म्हणाला.

"का? लोकांना आपल्या भागातलंच बघायचं असतंय."

दिलावर उठून जिना उतरला. त्या दिवसापासून त्याचं फिरणं वाढलं. जेवताना तो मधेच उठे. दुसऱ्या कुठल्याच बोटीला हात लागेना. आठवडाभराने त्याने सागवानाचा एक तुकडा काढला आणि रंधा मारायला घेतला.

त्या लाँचला लोक पाणकोंबडी म्हणायचे. काळी, बुटकी, पाण्यात शेपूट खाली करून चालणारी. एक्क्याण्णव सालच्या श्रावणात आंबेघळच्या ज्योतिबाला भाताच्या खाचरात फुरसं चावलं. बायको तानुबाई त्याला पाणकोंबडीत घालून बामणोलीला निघाली. तिथून पुढं सातारा. मध्यावर, वारा सुटलेला असताना, सुकाणू गेलं. लाँच तीन तास नुसती गरगरत, वाहत राहिली. दुसरी बोट येऊन ओढून नेईपर्यंत ज्योतिबा संपला होता.

दिलावर त्या दिवशी मेढ्याला होता. लाँच चालवणाऱ्या नानासोने त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "ओंडका आपटला गड्या. फळी गेली वाहून." त्या सुकाणूची फळी दिलावरने तीनच आठवड्यांपूर्वी नवी बसवली होती. ओंडका म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. नंतर कुणी विचारलं की तोही म्हणायचा, ओंडका आपटला. तेहेतीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. पण धरणाच्या मध्यावर कसला ओंडका, कुठून आला, हे त्याने नानासोला कधी विचारलं नाही. नानासो वारला आणि विचारायचं राहूनच गेलं.

दीड हात लांबीची पाणकोंबडी महिन्यात तयार झाली. दिलावर काही मापं घेत बसला नाही. हातालाच सगळं पाठ होतं. बाकं, टपाचे वासे, इंजिनावरची पेटी. शेवटी सुकाणू. बोटभर रुंद फळी, तिला पितळी दांडा जोडायला गिरमिटाने तीन भोकं. प्रदर्शनात ठेवण्याआधी प्रत्येक बोट तो कृष्णेत सोडून पाही. पाणी न बघितलेली बोट म्हणजे खेळणं, असं त्याचं मत. सकाळी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून त्याने पाणकोंबडी दोरीला बांधून धारेत सोडली. चांगली तरंगली. शेपूट थोडं खाली, अगदी तिच्यासारखं. मग त्याने सुकाणू वळवून धरलं.

कट् असा बारीक आवाज झाला.

फळी उभी चिरली होती. कशाला आपटली नव्हती, काही लागलं नव्हतं. तीनही भोकं लाकडाच्या एकाच रेषेत आली होती आणि चीर एका भोकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरळ गेली होती. पुढच्या काळात तो भोकं कायम मागंपुढं पाडायचा, नव्या पोरांनाही तसंच शिकवायचा. पण ही बोट करताना हात मागं गेला होता, एकोणतीस वर्षांच्या दिलावरचा झाला होता. त्या दिलावरने जसं केलं होतं, तसंच हाताने केलं.

तो पायरीवर किती वेळ बसला, त्याला कळलं नाही. धोतर पिळणाऱ्या कुणीतरी विचारलं, "काय ओ मिस्त्री, बुडाली का?" तेव्हा तो उठला.

तीन दिवस तो गच्चीवर गेला नाही. चौथ्या दिवशी बोट खोक्यात घातली, चिरलेलं सुकाणू तसंच ठेवून, आणि फरीदाला म्हणाला, "बामणोलीला जाऊन येतो."

"एकाएकी? काय काढलंय तिकडं?"

"काम हाय."

सांगलीहून सातारा, साताऱ्याहून बामणोली. एसटीत खोकं मांडीवर धरून त्याचे पाय आखडले, तरी ते त्याने खाली ठेवलं नाही. धक्क्यावर पर्यटकांची गर्दी होती, रंगीत जॅकेटं घातलेली. आंबेघळला जाणाऱ्या बोटीत त्याच्यासोबत चारच माणसं होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने खोक्यात डोकावून पाहिलं आणि तो ओरडला, "आरं, ही तर पाणकोंबडी!" त्याने बोट हातात मागितली. दिलावरने दिली नाही.

तानुबाई अंगणात नाचणी पाखडत होती. केस पांढरे झालेले, पण हात तसेच झपाझप. "दिलावर? ये की. फरीदा न्हाई आली?" फरीदा आणि ती जुन्या ओळखीच्या. मेढ्याच्या बाजाराला आली की तानुबाई त्यांच्याकडे पाणी प्यायला थांबायची आणि आंबेघळच्या जत्रेला फरीदा तिच्याकडे जेवून यायची.

दिलावरने खोकं उघडलं. बसलाच नाही, उभ्यानेच बोलायला लागला. घाटावर काय झालं, फळी कशी चिरली, भोकं कुठं पडली होती.  शेवटी म्हणाला, "ओंडका नव्हता, आक्का. माझं काम कच्चं होतं."

तानुबाईने सूप खाली ठेवलं.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"फळी मी बघितली हुती. चिरलेली, भोकांवरनं. नानासोनं वर काढली, समद्यांनी बघितली. मग तो मला म्हणाला, वैनी, पोरगं हाय अजून, त्याची लेकरं ल्हान हायती, बोंब झाली तर कामावरनं जाईल. मी काय बोलनार? माज्या मांडीवर मानूस मेलेलं. मी बोललेच न्हाई. त्यांनी व्हय धरलं आन् फळी दिली पान्यात सोडून."

 बामणोलीत चहा देणारी माणसं, हाक मारणारी माणसं, 'मिस्त्री, आमच्या बाकाचं बघा' म्हणणारी माणसं, सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या मधून तो ताठ मानेने ओंडक्याची गोष्ट सांगत फिरला होता, आणि ते ऐकून घेत होते.

"मग तुमी मला घरात कसं घेतलंत?"

"दोन वर्सं न्हाई घेतलं. तुला आठवत नसंल. धक्क्यावर तू वाकून काम करताना दिसलास की वाटायचं, द्यावं ढकलून." तिने हे इतक्या सरळ सांगितलं, की त्याची नजर खाली गेली. "मग फरीदा यायला लागली. तिचा काय गुन्हा? तिच्यासंगं बोलता बोलता तूबी आलास."

"मला माफ—"

"ते बोलू नगंस," ती म्हणाली. "तुजं वझं तू हितं आनून टाकलंस. माजं कुनाच्या अंगनात टाकू?"

 मग तिने खोक्यात हात घातला आणि लाँचच्या डाव्या बाकावर बोट ठेवलं. "हितं निजवलं हुतं. डोकं इंजिनाकडं. गरम हुतं म्हनून." बोट थोडा वेळ तिथंच राहिलं. दिलावरने विचारलं, लाँच इथंच ठेवून जाऊ का. तिने मान हलवली. "घरात नगं मला ती. जेवून जा, चारला बोट हाय."

तो जेवला. पिठलं-भाकरी होती, ताटात त्याने काही टाकलं नाही.

सांगलीला परतल्यावर त्याने नवं सुकाणू केलं नाही. सम्मेद म्हणाले, "चाचा, एवढं मोडकं राहिलंय." दिलावर म्हणाला, "तसंच राहू द्या." आणि त्याने बोटीपुढं ठेवायची पाटी स्वतः लिहून दिली. सम्मेदांनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली.

"लोक पोराबाळांना घेऊन येणार. हे कशाला?"

"मग माझी एकबी बोट मांडू नका."

पाटी लागली. त्यावर लिहिलं होतं: 'कोयनेच्या पाण्यावरची प्रवासी लाँच पाणकोंबडी. श्रावण १९९१. सुकाणूची फळी मिस्त्री दिलावर यांनी चुकीची बसवली. ती मध्यावर चिरली. ज्योतिबा, राहणार आंबेघळ, यांचा लाँचमध्येच मृत्यू झाला.'

प्रदर्शनाला गर्दी झाली. लोक आगबोटीच्या चाकांपाशी थांबत, फोटो काढत. जतहून आलेल्या एका मेंढपाळाने संगमावरच्या नावेकडे बघून विचारलं, "एवढं पानी बारा म्हैनं असतंय व्हय?" पाणकोंबडीची पाटी काहींनी वाचली. एकाने दिलावरकडे पाहिलं आणि नजर वळवली. एका बाईने मुलाचा हात धरून त्याला पुढं ओढलं. दिलावर हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता. कुणीतरी येऊन काहीतरी म्हणावं असं त्याला वाटत होतं. शिवीसुद्धा चालली असती.

दुसऱ्या दुपारी फरीदा आली. तिने पाटी हळूहळू, ओठ हलवत वाचली. तिलाही ओंडकाच माहीत होता, फळीचं काहीच माहीत नव्हतं. वाचून झाल्यावर ती वळली नाही.

"तिच्या घरी मी किती येळा जेवले," ती म्हणाली. "आन् ती मला वाढत हुती."

"मला तरी कुठं माहीत होतं?"

"तुमाला म्हाईत करून घ्यायचं न्हवतं." एवढं बोलून ती खुर्चीत बसली. दिलावर तिच्यासमोर उभा राहिला, मग दोन पावलं गेला, परत आला.

"मी जाते आंबेघळला," फरीदा म्हणाली. "उद्याच. चार दिस राहीन."

"मी येतो सोडायला."

"नगं. तुमी येऊ नका. अजहर साताऱ्यापातूर सोडंल, म्होरं माजी मी जाईन."

ती गेली. चार दिवसांचे नऊ झाले. फोन केला की म्हणे, "नाचणी झोडायला आलीय, आमी दोघी हाय कामात," आणि ठेवून देई. तानुबाई काय म्हणते, हे तो विचारी. फरीदा ते सांगत नसे. दहाव्या दिवशी दिलावर गच्चीवर गेला, तेरावी बोट करावी म्हणून सागवानाचा तुकडा हातात घेतला, आणि खाली ठेवून पुन्हा जिना उतरला.