दुसऱ्या नंबरापासून पुढे

श्रेष्ठ गायक-वादकांच्या जगात आजवर जेवढ्या म्हणून क्रमवाऱ्या निघाल्या, त्या सगळ्या साफ चुकल्या आहेत असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा थोरला साडू निघाला. मला याचा अभिमान आहे. लोकांचे साडू गुडघेदुखीवर तेल सुचवतात. आमचे अण्णा बेळगावला आमच्याकडे आले की चप्पल काढता काढताच विचारतात, "पावणं, पेपरात शंभर जणांची यादी आलीया, बघितलासा काय?"

अण्णा निपाणीचे. सारा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. पानाची प्रत नुसत्या वासावर ठरवायची सवय, त्यामुळे माणसांचीही प्रत ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. यादी हातात आली की त्यात कोण आहे हे ते बघतच नाहीत, कोण राहिलं ते आधी शोधतात. मराठी यादीत कानडी गळा नसतो, कानडी यादीत मराठी नसतो, वाजवणारे दोन्हींत नसतात आणि उरलेले सगळे सिनेमातले. अण्णा दोन्ही भाषांतले पेपर वाचतात, त्यामुळे त्यांना संतापही दोनदा येतो. एकदा तर त्यांनी कुठल्याशा मोठ्या शहरातल्या पेपरच्या कचेरीत फोन लावला आणि पलीकडच्या भल्या माणसाला एवढंच विचारलं, तुम्ही निपाणीला कधी आला होता का? तो नाही म्हणाला. "मग न ऐकताच नंबर दिलासा व्हय?" पलीकडून फोन ठेवला गेला, आणि अण्णा पुढे आठवडाभर कोर्टातला दावा जिंकल्यासारखे बाजारातून हिंडत होते.

शेवटी त्यांनी स्वतःचीच क्रमवारी सुरू केली. ती कागदावर कधी उतरली नाही. रविवारी सकाळी वखारीच्या कट्ट्यावर चहा आला की अण्णा ती तोंडी जाहीर करत. पहिला नंबर चिकोडीच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचा, कारण त्याने पाठवणीला सूर लावला की नवरीच्या आईआधी नवऱ्याचा बाप रडतो. त्याखाली कणकुंबीकडची भातलावणीत गाणारी एक बाई, जिला अण्णांनी आयुष्यात एकदाच, तेही बस बंद पडली म्हणून, ऐकलं होतं. मग उचगावच्या भजनातला पखवाजवाला. आणि सगळ्यांत शेवटी, घाटाच्या वळणावळणाला हॉर्न सुरात वाजवणारा लाल बसचा एक ड्रायव्हर. या ड्रायव्हरवरून कट्ट्यावर फार भांडणं झाली. पखवाजवाल्याच्या भावकीने त्याचा नंबर वर जावा म्हणून अण्णांना कितीदा तरी चहा पाजला. अण्णा चहा पीत आणि नंबर जागचा हलवत नसत.

या निःपक्षपातीपणाचा एक कडक नियम होता. घरचं माणूस क्रमवारीत घ्यायचं नाही. पेपरवाले आपलीच माणसं वर चढवतात हा अण्णांचा मुख्य आरोप, तो उलटून आपल्यावर यायला नको. आणि इथेच सगळी पंचाईत होती, कारण त्या भागात गाण्यात पहिलं कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अण्णांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का. हळदीला आक्का गायला बसली की ओळ मराठीत सुरू व्हायची, कानडीत संपायची, आणि मध्ये भाषा बदलली हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातही यायचं नाही. घर वखारीला लागूनच, त्यामुळे रविवारी चहाचे कप घेऊन तीच यायची, आणि दाराशी उभी राहून सगळी क्रमवारी ऐकायची. अण्णांपाशी तिने कधी तक्रार केली नाही. माझ्या बायकोला मात्र एकदा म्हणाली, "बसच्या हॉर्नला नंबर हाय गं, मला न्हाय." हे अण्णांच्या कानावर गेलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, पण नियमही मोडला नाही.

माझ्या मुलीच्या हळदीला चिकोडीचाच बँड सांगितला होता. आक्काने गाणं धरलं तसं क्लॅरिनेटवाल्याने वाद्य मांडीवर ठेवलं आणि साथ करायची सोडून नुसता ऐकत बसला. गाणं संपल्यावर तो उठून अण्णांपुढे आला आणि म्हणाला, "अण्णा, मला खाली सरकवा. पयल्या नंबरावर बसवंना झालंय."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम निपाणीला गेलो. अण्णांनी सुरुवातच केली ती दुसऱ्या नंबरापासून. दुसरा क्लॅरिनेटवाला, तिसरी कणकुंबीची बाई, अशी क्रमवारी पार हॉर्नपर्यंत आली. मग कुणीतरी विचारलं, पहिला कोण? अण्णांनी बशीतला चहा संपवला.

"घरच्या माणसाचं नाव घ्यायचं न्हाय. नियम हाय."

दाराशी उभी असलेली आक्का तोंडाला पदर लावून आत गेली, आणि रिकामे कप न्यायला बराच वेळ बाहेर आली नाही. एवढ्या वर्षांत एवढी सरळ क्रमवारी मी कुठल्याही पेपरात वाचलेली नाही.

आता वखार बंद आहे. मुलाने दोघांना बेंगळूरला नेलं. तिथल्या फ्लॅटला कट्टा नाही आणि नंबरावरून भांडायला माणसं नाहीत. मला त्या रविवारांची फार आठवण येते. अण्णांनाही येत असणार, कारण रविवारी सकाळी त्यांचा न चुकता फोन येतो. दुसऱ्या नंबरापासून सुरू करून ते शेवटपर्यंत सगळे नंबर म्हणून दाखवतात, आणि मग फोन स्वयंपाकघराकडे धरतात. तिकडे आक्का पीठ मळता मळता गुणगुणत असते. आवाज आता थोडा कापतो, मध्येच खोकला येतो. पीठ मळून होईपर्यंत आम्ही दोघे साडू फोन तसाच धरून बसतो.